संकेतस्थळाचे दरपत्रक कसे वाचावे?

परके शब्द आपल्याकडे बहुधा व्यापाराच्या पाठीवर बसून येतात. दुकान, दलाल, हिशेब हे शब्द अरबी-फारसीतून आले, पगार आणि चावी पोर्तुगिजांकडून आल्या, चेक आणि बिल इंग्रजांनी आणले. आज हे सगळे आपल्या घरचे झाले आहेत. ते परके आहेत हे सांगावे लागते. पण ते नवे होते तेव्हा ज्याला त्यांचा अर्थ कळत होता तो चार पैसे राखून असे आणि ज्याला कळत नव्हता तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राही. आज तशीच शब्दांची एक नवी गोणी आपल्या दारात येऊन पडली आहे. डोमेन, होस्टिंग, सर्व्हर, एसएसएल, एसईओ अशी त्यांची नावे.

कोकणातला आंबा बागायतदार, येवल्याचा पैठणी विणकर, कोल्हापूरचा चप्पल कारागीर, पर्यटकांना आपल्याच घरी उतरवून घेणारी एखादी गृहिणी, यांपैकी कोणीही 'आपली वेबसाइट काढू या' असे ठरवले की त्यांच्या हाती एक दरपत्रक येते. त्यावर सात-आठ ओळी असतात आणि खाली एकूण रक्कम. आपला माणूस थेट खालच्या रकमेकडे पाहतो, थोडी घासाघीस करतो आणि सही करतो. वरच्या ओळी तो वाचतच नाही. आता पाहा, हाच गृहस्थ घर बांधताना विटेचा, वाळूचा, सळईचा भाव चार ठिकाणी विचारतो. मग इथेच तो गप्प का बसतो? शब्द अनोळखी म्हणून. विचारले तर आपले अज्ञान दिसेल, हा संकोच! म्हणून आज आपण ते दरपत्रक समोर ठेवू आणि एकेक ओळ वाचत जाऊ.

त्याआधी दोन गोष्टींची फोड करून घेतली पाहिजे. 'इंटरनेट' आणि 'वेब' हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण ते एक नव्हेत. इंटरनेट म्हणजे जगभरच्या संगणकांना जोडणारे रस्ते. त्या रस्त्यांवरून टपाल जाते, बोलणे जाते, पैसाही जातो. वेब ही त्या रस्त्यांवरची एक वाहतूक आहे, पानांची वाहतूक. तिची कल्पना टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने १९८९ साली मांडली. तो तेव्हा जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या अणुसंशोधन संस्थेत काम करीत होता. निरनिराळ्या देशांतल्या संशोधकांची टिपणे निरनिराळ्या संगणकांत पडून असत, ती एकमेकांना सहज वाचता यावीत एवढाच त्याचा मूळ हेतू. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी रचना सर्वांना विनामूल्य खुली केली, आणि संशोधकांच्या टिपणांसाठी काढलेल्या या वाटेवर हळूहळू सगळ्या जगाचा बाजार भरला. आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेटची जोडणी मिळू लागली ती १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत.

या बाजारात दोन पक्ष असतात. मागणारा आणि देणारा. मागणारा म्हणजे गिऱ्हाइकाच्या मोबाइलमधला 'ब्राउझर', पान मागून आणून दाखवणारी आज्ञावली. देणारा म्हणजे 'सर्व्हर', रात्रंदिवस चालू असलेला आणि मागेल त्याला पान देणारा संगणक. 'वेबसाइट' किंवा आपल्या भाषेत 'संकेतस्थळ' म्हणजे एका नावाखाली ठेवलेल्या अशा पानांचा संच. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सोपे आहे.

दरपत्रकातली पहिली ओळ असते 'डोमेन'. डोमेन म्हणजे नाव. तुमच्या दुकानावरची पाटी म्हणा ना. समजा आपल्या बागायतदाराने 'अमुकबाग डॉट इन' असे नाव घेतले. संगणकांना मात्र नावे कळत नाहीत, त्यांना आकडे कळतात. प्रत्येक सर्व्हरला १९२.०.२.१० अशासारखा आकड्यांचा पत्ता असतो. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत आणि संगणकाला नावे कळत नाहीत, म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो. त्या व्यवस्थेला 'डीएनएस' म्हणतात. ती नसताना जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची नावे अमेरिकेतील एका संस्थेत एकाच यादीत लिहून ठेवत आणि ती यादी सगळ्यांना उतरवून घ्यावी लागे. संगणक वाढले तशी यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस याने ही नवी रचना आखली.

तिची युक्ती आपल्या टपालासारखी आहे. पाकिटावरचा पत्ता आपण नावापासून लिहितो, पण टपालखाते तो शेवटाकडून वाचते. आधी पिनकोड. पहिला आकडा ४ दिसला की पाकीट महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या बाजूचे. मग जिल्हा, मग गाव, मग आळी आणि सर्वांत शेवटी माणसाचे नाव. डोमेनही असेच उजवीकडून डावीकडे वाचायचे. 'डॉट इन' म्हणजे भारताच्या वहीतली नोंद. त्या वहीत 'अमुकबाग' कोणाकडे आहे ते पाहायचे. तिथे कळते की याचा पत्ता अमक्या ठिकाणी विचारा. असे विचारत विचारत क्षणाच्याही अंशात ब्राउझर योग्य सर्व्हरपाशी पोहोचतो.

उजवीकडून वाचण्याची ही सवय लावून घ्या, बरं का. ती पुढे पैसेही वाचवते. 'अमुकबाग डॉट इन' हे आपल्या बागायतदाराचे खरे नाव. पण कोणी 'अमुकबाग डॉट इन डॉट तमुक डॉट कॉम' असे लिहिले, तर घाईत वाचणाऱ्याला आधी ओळखीचे नाव दिसते आणि तो फसतो. उजवीकडून वाचा. शेवटी 'डॉट कॉम', त्याच्या आधी 'तमुक'. म्हणजे हे घर तमुकाचे. अमुकबागेचे नाव त्याने आपल्या दारावर नुसते रंगवून ठेवले आहे! बँकांच्या नावाने अशीच फसवणूक होऊ लागली तेव्हा रिझर्व्ह बँकेने २०२५ साली देशातील बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव शेवटाखाली येण्यास सांगितले. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. नाव वाचता येणे किती मोलाचे आहे, हे यावरून दिसेल.

हे नाव मिळते कुठे? 'डॉट इन'ची वही सांभाळते 'नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया' ही संस्था. 'निक्सी' हे तिचे लघुनाम. ती स्वतः गिऱ्हाइकांना नावे विकत नाही, तिने मान्य केलेले नोंदणीदार विकतात. 'डॉट कॉम'सारख्या नावांची जागतिक व्यवस्था १९९८ साली स्थापन झालेली 'आयकॅन' ही संस्था पाहते. आणि आपल्या अभिमानाची गोष्ट अशी की २०१४ पासून देवनागरीतच 'डॉट भारत' असा शेवटही मिळू लागला आहे. मराठी आणि कोकणी व्यावसायिकाला आपले नाव आपल्याच लिपीत लावता येते. मात्र ज्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर देवनागरी टंकन नाही त्याचाही विचार करावा आणि जमल्यास दोन्ही नावे घ्यावीत.

आता या ओळीतली खरी मेख सांगतो. नाव 'विकत घेतले' असे आपण म्हणतो खरे, पण ते विकत मिळतच नाही. ते भाड्याने मिळते. मुदत किमान एक वर्षाची, 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन'सारख्या नावांना एका वेळी फार तर दहा वर्षांची. मुदत संपायच्या आत नूतनीकरण केले नाही, तर नाव बंद पडते. पुढे नोंद रद्द झाली, तरी 'डॉट कॉम'सारख्या नावांना ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत मिळते, पण तेव्हा दंडासह जबर रक्कम मोजावी लागते. तीही गेली की नाव मोकळे. मग जो पहिला येईल त्याचे.

माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराचे काय झाले ते ऐका. त्याने गावातल्या एका होतकरू मुलाकडून संकेतस्थळ करवून घेतले होते. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइके तिथूनच पेट्या मागवीत. चार हंगाम उत्तम गेले. पुढे तो मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला. पाचव्या वर्षी ऐन एप्रिलात, झाडावरचा माल तयार असताना, संकेतस्थळ उघडेना. त्या जागी भलत्याच जाहिराती दिसू लागल्या. बागायतदाराने होस्टिंग कंपनीला फोन केला. ती म्हणाली, "तुमचं भाडं भरलेलं आहे, पानं जागेवर आहेत." आणि ते खरे होते. दुकान उभे होते, आतला माल शाबूत होता, पण रस्त्यावरून पाटी नाहीशी झाली होती. डोमेनची मुदत संपली होती आणि नूतनीकरणाची सूचना गेली होती त्या मुलाच्या जुन्या ई-टपालाच्या पत्त्यावर, कारण नोंदणी त्याच्याच नावे होती. मुलाच्या मनात कपट नव्हते. त्याच्या घरच्यांकडून पत्ता काढून त्याला गाठले, त्याने लगेच मदत केली. पण तोवर बारा दिवस गेले. वर्षाचे बारा दिवस म्हणजे काही नाही, हो. पण हापूसच्या हंगामातले बारा दिवस म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

तो मुलगा भला होता म्हणून निभावले. दुसरा कोणी असता आणि 'नाव माझ्या नावावर आहे, अमुक रक्कम द्या, मग सोडतो' असे म्हणाला असता तर? म्हणून दरपत्रकावर सही करण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारायचा तो हा: डोमेनची नोंदणी कोणाच्या नावावर होणार? जमिनीचा व्यवहार करताना आपण सातबारा पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. इथेही तसेच पाहावे. नोंदणी तुमच्या नावे, तुमच्या ई-टपालावर, तुमच्या मोबाइल क्रमांकावर हवी. नोंदणीदाराकडील खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे हवा. काम करणाऱ्याला लागेल तेवढा प्रवेश द्या, पण मालकी देऊ नका. आणि एक बारीक गोष्ट. नोंदणीसाठी दिलेला ई-टपालाचा पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा. कारण डोमेन बंद पडले की त्यावरचे टपालही बंद पडते, आणि 'तुमचे डोमेन बंद पडले आहे' हे सांगणारे पत्र तुम्हाला मिळतच नाही! घराची किल्ली घरातच ठेवून कुलूप लावण्यासारखेच ते.

नावावरून भांडण झालेच तर दाद मागायला जागा आहे. सत्यम इन्फोवे आणि सिफीनेट सोल्यूशन्स या दोन कंपन्यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली असा निर्णय दिला की डोमेन हे केवळ पत्ता नसून व्यापारी चिन्हासारखे आहे आणि दुसऱ्याच्या नावलौकिकावर स्वार होण्यासाठी तसलेच नाव घेणाऱ्याला रोखता येते. कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही नाव राखण्याचाच विचार आहे. पण मानांकन मिळाले किंवा दुकानाची नोंद झाली, म्हणून डोमेन आपोआप मिळत नाही. ते वेगळे नोंदवावे लागते आणि वेगळे सांभाळावे लागते. न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा तारीख लक्षात ठेवणे स्वस्त!

दुसरी ओळ 'होस्टिंग'. नाव झाले, आता जागा. तुमची पाने ज्या सर्व्हरवर ठेवायची त्याचे भाडे म्हणजे होस्टिंग. सर्व्हर आपल्या घरीही ठेवता येईल, पण त्याला अखंड वीज लागते, थंडावा लागतो, पहारा लागतो. म्हणून हजारो सर्व्हर एकत्र सांभाळणारी मोठी केंद्रे असतात. आपल्याकडे नवी मुंबईत अशी बरीच आहेत. एका सर्व्हरवर अनेकांची पाने ठेवली तर ते 'शेअर्ड होस्टिंग'. ही चाळीतली खोली समजा. भाडे कमी, पण शेजाऱ्याकडे लग्न निघाले की आपल्यालाही जिन्यात गर्दी. लहान व्यवसायाला बहुधा एवढी खोली पुरते. स्वतंत्र बंगला घ्यायला लावणाऱ्याला 'का?' असे अवश्य विचारावे.

इथे एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण पुष्कळांचा घोळ इथेच होतो. नाव आणि जागा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्हींचे भाडे वेगळे, मुदत वेगळी, आणि दोन्ही एकाच कंपनीकडून घेतली पाहिजेत असेही नाही. जागा आवडली नाही तर बदला. पाटी तीच नव्या दारावर लावायची. डीएनएसच्या नोंदीत नवा पत्ता लिहिला की गिऱ्हाईक नव्या जागी आपोआप येते, त्याला पत्ताही लागत नाही. पण हे सर्व केव्हा? पाटी तुमच्या मालकीची असेल तेव्हा.

तिसरी ओळ 'डिझाइन' किंवा 'डेव्हलपमेंट', म्हणजे प्रत्यक्ष बांधकाम. ते तीन तऱ्हांनी होते. पहिली तऱ्हा, सगळे हाताने नव्याने बांधायचे. खर्च अधिक, आणि बांधणारा गेला तर दुसऱ्याला ते चटकन उलगडत नाही. दुसरी तऱ्हा, 'वर्डप्रेस'सारखी तयार चौकट घ्यायची. ही चौकट २००३ सालापासून विनामूल्य मिळते, आणि तिच्यात दर बदलायला, फोटो चढवायला कोणाची वाट पाहावी लागत नाही. अशा चौकटीला 'सीएमएस' म्हणतात. मात्र तिची डागडुजी नियमित करावी लागते, नाहीतर उंदीर-घुशींना वाट सापडते. तिसरी तऱ्हा, महिन्याच्या भाड्याने मिळणारे तयार दुकान. सोय मोठी, पण ते सोडून जाताना भिंती बरोबर नेता येत नाहीत. फक्त माल, म्हणजे मजकूर आणि फोटो, आणि पाटी घेऊन निघायचे. तिन्ही तऱ्हा आपापल्या जागी योग्य आहेत. कोणती घेतो आहोत, हे ठाऊक असले म्हणजे झाले.

फोटोंबद्दल थोडा हिशेब सांगतो. शिक्षक मित्रांना तो वर्गात घेता येईल. वजन 'बाइट'मध्ये मोजतात आणि वेग 'बिट'मध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे सेकंदाला ८ मेगाबिट वेगाची जोडणी असेल तर सेकंदाला १ मेगाबाइट माल उतरतो. मोबाइलने काढलेला फोटो ५ मेगाबाइटचा असला आणि असे १० फोटो एका पानावर लावले, तर झाले ५० मेगाबाइट. म्हणजे गिऱ्हाइकाने ५० सेकंद पडद्याकडे पाहत बसायचे! तो बसत नाही. शेजारच्या दुकानात जातो. तेच फोटो प्रत्येकी २०० किलोबाइटचे करून घेतले, तर सगळे मिळून २ मेगाबाइट, काम दोन सेकंदांचे. मोबाइलवर पाहणाऱ्याला दोहोंत फरकही जाणवत नाही.

चौथी ओळ 'एसएसएल'. पोस्टकार्ड आणि बंद पाकीट यांत जो फरक आहे तोच इथे आहे. पत्त्याच्या आरंभी नुसते 'एचटीटीपी' असेल तर मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जातो आणि वाटेतला कोणीही वाचू शकतो. शेवटी 'एस' जोडून 'एचटीटीपीएस' झाले की मजकूर सांकेतिक लिपीत, मोहोरबंद पाकिटातून जातो. त्या मोहोरेचा दाखला म्हणजे एसएसएल प्रमाणपत्र. २०१८ च्या जुलैपासून क्रोम हा ब्राउझर उघड्या पानांवर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारतो, त्यामुळे हे प्रमाणपत्र आता घ्यावेच लागते. पण त्यासाठी दरपत्रकात मोठी रक्कम लावली असेल तर विचारा. 'लेट्स एनक्रिप्ट' ही संस्था २०१५ पासून असे दाखले विनामूल्य देते आणि पुष्कळ होस्टिंग कंपन्या ते भाड्यातच बसवून देतात.

मात्र एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. पाकीट मोहोरबंद आहे म्हणजे पाठवणारा सज्जन आहे, असे नव्हे. लबाडालाही हा दाखला मिळतो. पूर्वी ब्राउझर पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र दाखवीत आणि लोकांना ते सचोटीचे चिन्ह वाटे. हा समज इतका पसरला की क्रोमने २०२३ साली ते कुलूप काढून तिथे साधे चिन्ह ठेवले. तेव्हा मोहोर पाहा, आणि नावही उजवीकडून वाचा.

पैशाचा विषय निघाला म्हणून सांगतो. गिऱ्हाइकाच्या कार्डाचे क्रमांक आपल्या पानावर साठवून ठेवण्याच्या भानगडीत लहान व्यावसायिकाने पडू नये. 'पेमेंट गेटवे' म्हणजे पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणारा मान्यताप्राप्त मध्यस्थ असतो. ते त्याचे काम. युपीआयने पैसे घेत असाल तर एक नियम घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा: पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. 'ऑर्डरचे पैसे पाठवतो, फक्त पिन टाका' असे कोणी म्हणाला, की तो देणारा नव्हे, नेणारा आहे. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता अधिक.

पाचवी ओळ 'एसईओ'. गुगलसारखी शोधयंत्रे आपले हस्तक सगळ्या जाळ्यात फिरवतात, पाने वाचतात आणि त्यांची एक अवाढव्य सूची करून ठेवतात. पुस्तकामागे शब्दसूची असते ना, तशी. कोणी 'देवगड हापूस' असे विचारले की सूचीतून पाने काढून लायकीप्रमाणे क्रमाने मांडतात. आपले पान या यंत्राला नीट वाचता यावे, समजावे, यासाठी केलेली मांडणी म्हणजे एसईओ. त्यात खरे काम पुष्कळ आहे. शीर्षक स्पष्ट असावे, गावाचे नाव असावे, पान मोबाइलवर लवकर उघडावे, आणि गिऱ्हाईक जे विचारते त्याचे सरळ उत्तर तिथे असावे. पेटीत किती डझन, आंबा तयार की कच्चा, कुठवर पोहोचवता, खराब निघाला तर काय? एवढे मराठीत नीट लिहिले तरी निम्मे काम झाले. पण 'महिनाभरात पहिल्या क्रमांकावर आणून देतो, हमी आमची' असे म्हणणाऱ्याला दुरून नमस्कार करावा. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गुगल स्वतःच सांगते. वर दिसण्यासाठी पैसे मोजता येतात, पण ती जाहिरात. तिच्यावर तसा शिक्का असतो, आणि पैसे थांबले की तीही थांबते.

याच ओळीच्या आधाराने एक मोठा आकडा तुमच्यापुढे ठेवला जातो: 'तुमच्या पानाला महिन्यात २५०० हिट्स मिळाल्या!' ऐकून छाती फुगते. पण 'हिट' म्हणजे माणूस नव्हे. सर्व्हरकडे झालेली एकेक मागणी म्हणजे हिट. पानावर २४ फोटो असतील तर पान एक आणि फोटो २४ अशा एका माणसामागे २५ हिट्स. म्हणजे आली १०० माणसे! आठवड्याच्या बाजारात किती जणांनी वांग्याला हात लावला हे मोजून धंदा कळत नाही, कितींनी पिशवी पुढे केली ते पाहावे लागते. म्हणून विचारावे, माणसे किती आली, कुठून आली, आणि त्यांतल्या कितींनी मागणी नोंदवली?

शेवटच्या दोन ओळी 'बॅकअप' आणि 'मेंटेनन्स'. बॅकअप म्हणजे सगळ्या पानांची, फोटोंची, मागणीवहीची दुसरी प्रत. ती त्याच सर्व्हरवर ठेवली तर तिचा उपयोग नाही. गोदामाला आग लागली तर शेजारच्या पोत्यातले बियाणेही जळतेच. एक प्रत आपल्या घरी असावी आणि ती खरोखर उघडते की नाही हे वर्षातून एकदा, हंगामाआधी, पाहावे. मेंटेनन्स हा शब्द फार मोघम आहे. त्याखाली नेमके काय येते ते लिहून घ्यावे. दुरुस्ती किती तासांत, दर बदलायला वेगळे पैसे का, डोमेनचे नूतनीकरण कोणी करायचे, हे कागदावर यावे. तोंडी करार आंब्याच्या मोहोरासारखा असतो, वाऱ्याने कधी गळेल सांगवत नाही.

तर श्रोते हो, सगळे विसरलात तरी पाच प्रश्न लक्षात ठेवा. नाव कोणाच्या नावावर? त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते? जागा कोणाकडे आणि तिची मुदत केव्हा संपते? सगळे पासवर्ड माझ्याकडे लेखी आहेत का? आणि काम करणारा उद्या सोडून गेला तर माझे दुकान दुसऱ्याला चालवता येईल का? या पाचांची उत्तरे एका कागदावर लिहून तो कागद जमिनीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. दोन्ही मुदतींच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने नोंदवा. मुदत हंगामात संपत असेल तर हंगामाआधीच दोन-तीन वर्षांचे भाडे भरून मोकळे व्हा. डोमेनचे वर्षाचे भाडे एका पेटीच्या किमतीहून बहुधा जास्त नसते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आठवी-नववीच्या मुलांना एक तास हे दरपत्रक वाचायला द्या. पत्त्याचे पाकीट आणि डोमेन शेजारी शेजारी फळ्यावर लिहा आणि दोन्ही उजवीकडून किंवा शेवटाकडून वाचायला लावा. बिट-बाइटचे गणित घाला. ही मुले घरी जाऊन वडिलांना, आईला, काकांना विचारतील, 'आपल्या दुकानाचं नाव कोणाच्या नावावर आहे?' ज्या घरात हा प्रश्न वेळेवर विचारला जाईल त्या घराची पाटी कोणी रातोरात उतरवू शकणार नाही.

शब्द कोणत्याही मुलखातून येवो. अर्थ कळला की तो आपला होतो, आणि मग त्यावर सही करताना हात थरथरत नाही.